मांजराच्या पिल्लाची कब्ज आणि गरिबाची ऐपत

"परवडत नसेल तर मांजर पाळू नये." हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलंय, लग्नाच्या दस्तरखानावर ऐकलंय आणि एकदा तर मुलाच्या फीची मुदत वाढवून मागणाऱ्या बाईच्या तोंडूनही ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं. कुणीतरी दुकानात गेलं, पिंजऱ्यातलं मांजर पसंत केलं, पैसे मोजले आणि घरी आणलं. आमच्या सोलापुरातल्या गल्ल्यांत असं मांजर कुणी आणत नाही. इथं मांजरी यंत्रमागाच्या शेडमध्ये चिंध्यांच्या पोत्यामागे विते, एक दिवस टमटमखाली येते आणि तिची पिल्लं ओरडत बसतात. कुणाचं तरी पोर त्यातलं एक उचलून घरी नेतं. मांजर पाळायचं की नाही, हा निर्णय त्या घरानं घेतलेलाच नसतो. निर्णय घ्यायची वेळ येते ती पिल्लू आजारी पडल्यावर.

त्या वेळी दुसरं वाक्य येतं. "अल्लाह मालिक है, अपने आप ठीक हो जाएगा." पहिलं वाक्य सुखवस्तू घरातलं, दुसरं आमच्या मोहल्ल्यातलं, पण दोन्हींचा उपयोग एकच. बोलणाऱ्याला उठून काही करावं लागत नाही.

आज मला अशाच एका साध्या आजाराबद्दल लिहायचं आहे. मांजराच्या पिल्लाला शी न होणं. मराठीत बद्धकोष्ठता, आमच्या घरांत कब्ज. विषय ऐकून काही वाचक नाक मुरडतील, मुरडू देत. कमी पैशात काय करता येतं आणि काय अजिबात करू नये, हे या एका दुखण्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

मागच्या उन्हाळ्यात सातवीतली एक मुलगी बुटाच्या खोक्यात पिल्लू घेऊन माझ्या घरी आली. अम्मी विड्या वळते, अब्बा हमाली करतात. "टीचर, तीन दिन से पॉटी नै की. बैठती, रोती, उठ जाती." पिल्लू साधारण दोन महिन्यांचं होतं. शेजारच्या खालांनी एरंडेल चाटवून झालं होतं. आजीनं विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून उपाय करायचं सुचवलं होतं, जसा तान्ह्या बाळाला करतात तसा. नशिबानं तो अजून झाला नव्हता. मेडिकलवाल्यानं माणसांचं एनिमाचं तयार पाकीट पुढं केलं होतं, पण तेवढे पैसे नव्हते म्हणून ते घेतलं गेलं नाही. त्या दिवशी पैसे नव्हते हे बरंच झालं. त्या पाकिटात सोडियम फॉस्फेट असतं. माणसाचं पोट त्यानं मोकळं होतं, पण मांजराच्या शरीरातले क्षार त्यानं असे काही बिघडतात की मांजर काही तासांत दगावू शकतं. पिल्लू तर लवकरच.

म्हणून उपायांच्या आधी, हात कुठं आवरायचा ते सांगते. फॉस्फेटचा एनिमा कधीच नाही. पॅरासिटामॉल कधीच नाही. पोट दुखत असेल म्हणून अर्धी गोळी देणारे लोक मी पाहिलेत, आणि मांजराला ती अर्धी गोळीसुद्धा विष आहे. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या नाहीत. एरंडेल, गोडंतेल, पातळ पॅराफिन जबरदस्तीनं तोंडात ओतायचं नाही. पिल्लू धडपडतं, तेल श्वासनलिकेत जातं आणि कब्जाच्या जागी न्यूमोनिया होतो. पानाचा देठ, साबणाची कांडी, इअरबड यांपैकी काहीही आत घालायचं नाही. पिल्लाचं गुदद्वार केवढं आणि आपला हात केवढा! आणि शीच्या जागी दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. हे आमच्या गावात खास सांगायला हवं, कारण इथं घराघरात शिलाई मशीन आहे आणि कारखान्यांत सूतच सूत. दोऱ्याचं दुसरं टोक आतड्यात किंवा जिभेखाली अडकलेलं असतं, आणि ओढलं की आतडं चिरतं. असा दोरा दिसला तर थेट डॉक्टरकडे जायचं, मध्ये दुसरं काही करत बसायचं नाही.

आता हे दुखणं होतं कसं, ते थोडं समजून घेऊ. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेणं. शी जितका वेळ आत राहील तितकी ती कोरडी होत जाते आणि जितकी कोरडी तितकी बाहेर पडायला अवघड. म्हणजे हे दुखणं एका जागी थांबत नाही, दर दिवशी वाढतं. पहिल्या दिवशी पाण्यानं आणि ओल्या खाण्यानं जे काम होतं त्याला तिसऱ्या दिवशी कातडीखाली सलाईन आणि डॉक्टरांनी दिलेला एनिमा लागतो. आणखी उशीर झाला तर भूल देऊन हातानं साफ करावं लागतं आणि ते खरोखर आपल्या आवाक्याबाहेरचं असतं. पैसे नाहीत म्हणून वाट बघणारं घर शेवटी जास्त पैशांच्या दारात जाऊन उभं राहतं. माणसांच्या दवाखान्यातही आपल्या लोकांचं हेच होतं, पण तो वेगळा लेख आहे.

मांजर मुळात कोरड्या मुलखातलं जनावर. तहान कमी, पाण्याकडे जाणं कमी. उंदीर किंवा कच्चं मांस यांत सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तिचं पाणी तिला भक्ष्यातूनच मिळायचं. आपण तिला पाकिटातले कोरडे दाणे देतो, ज्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, आणि वर सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या पुढं. पिल्लाचं अंग लहान, पाण्याचा साठा त्याहून लहान. त्या मुलीच्या घरी पिल्लू दाणे आणि चहात बुडवलेला पाव खात होतं आणि पाण्याची वाटी मोरीत, बादलीच्या मागे ठेवलेली होती.

इतर कारणंही असतात. जंत झालेले असतात. बकरी ईदनंतर मोहल्ल्यात हाडांची आणि चरबीची चंगळ असते, त्यात पिल्लानं हाडाचे तुकडे गिळलेले असतात. वाळूचं घमेलं इतकं घाण असतं की ते त्यात बसायलाच तयार नसतं आणि धरून ठेवतं. सायकलचा धक्का लागून कमरेचं हाड मोडून वाकडं जुळलेलं असतं आणि वाटच अरुंद झालेली असते. यांपैकी कोणतं कारण, हे बाहेरून बघून तुम्हाला-मला कळणार नाही. बोटांनी पोट चाचपणाऱ्या डॉक्टरला कळतं.

माझं म्हणणं इथंच आहे. हातात शंभर-दोनशे रुपये असतील तर ते बाटलीवर घालू नका, तपासणीवर घाला. आपल्याकडे उलट होतं. मेडिकलमधून सिरप येतं, पाळीव प्राण्यांच्या दुकानातून केसांच्या गोळ्यांवरची महागडी पेस्ट येते, मग कुणाच्या सांगण्यावरून तिसरं काही येतं, आणि सगळे पैसे संपल्यावर डॉक्टर आठवतो. तपासणीनंतर जे औषध लिहून मिळतं ते बहुतेकदा साधंच असतं. लॅक्ट्युलोज नावाचं गोड पातळ औषध माणसांनाही देतात, जेनेरिक दुकानात स्वस्त मिळतं. पण पिल्लाला त्याचे थेंब किती, हे वजनावर ठरतं आणि ते डॉक्टरनंच ठरवायचं. जास्त झालं तर जुलाब होऊन अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

घरी काय करावं? पिल्लू खेळतंय, खातंय, उलटी नाही आणि शी फक्त एक दिवस चुकली आहे, अशा वेळी घरचे उपाय करायला हरकत नाही. कोंबडीचा बिनहाडांचा तुकडा नुसत्या पाण्यात उकडायचा, कुस्करायचा आणि त्याच पाण्यात कालवून, पातळ करून द्यायचा. यखनी नको! यखनीत कांदा असतो, लसूण असतो, मीठ असतं, आणि कांदा-लसूण मांजराचं रक्त बिघडवतात. कोरडे दाणेच असतील तर कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचे. पाण्याच्या दोन-तीन पसरट वाट्या घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, जेवणापासून आणि वाळूच्या घमेल्यापासून लांब. लाल भोपळा, ज्याला आपण कद्दू म्हणतो, तो नुसता वाफवून अर्धा चमचा खाण्यात मिसळला तर चालतो. त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका, मदत झाली तर झाली. इसबगोल मात्र स्वतःच्या मनानं नको. पाणी कमी पडलं तर तेच आत जाऊन घट्ट बसतं. घमेलं रोज साफ करायचं. विकतची वाळू परवडत नसेल तर बांधकामाची चाळलेली वाळू धुऊन, उन्हात वाळवून चालते. फाडलेला कागदही चालतो. पिल्लाला हुंदडू द्यायचं, खोक्यात कोंडायचं नाही.

आणि दूध. "दूध पाजा, पोट साफ होईल," हे प्रत्येक घरात सांगितलं जातं. गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच मांजरांना पचत नाही, त्यामुळे जुलाब होतात आणि लोकांना वाटतं की गुण आला. जुलाबानं पाणी जातं, पाणी गेलं की पुढची शी आणखी कोरडी होते.

पिल्लू तीन-चार आठवड्यांच्या आतलं असेल तर गोष्टच वेगळी. त्या वयात त्याला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई पोटाखाली आणि शेपटीखाली चाटते तेव्हा ती होते. आई मेलेली असेल तर ते काम आपलं. प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस त्या जागी हलक्या हातानं फिरवायचा. याला खर्च काही नाही, फक्त रात्री उठावं लागतं. पिल्लांसाठीची दूध पावडर महाग असते, हे खरं आहे. पण गल्लीत दुसरी व्यायलेली मांजरी असेल तर पिल्लू तिच्या पिल्लांत सोडून बघा, पुष्कळ मांजरी दुसऱ्याचं लेकरू पोटाशी घेतात.

थांबायचं कधी नाही, तेही सांगते. दोन दिवस शी नाही, किंवा एकच दिवस नाही पण उलटी होतेय, खाणं सोडलंय, पोट फुगून कडक झालंय, पिल्लू गळून पडलंय, तर त्याच दिवशी दाखवायचं. आणखी एक गोष्ट लोक हमखास चुकतात. मांजर घमेल्यात बसून कुंथतंय म्हणजे कब्जच, असं नसतं. लघवी अडली तरी ते तसंच बसतं, तसंच ओरडतं. बोक्यांमध्ये, विशेषतः मोठ्या झालेल्या, हे जास्त होतं, आणि लघवी पूर्ण बंद झाली तर दोन-तीन दिवसांत जनावर मरतं. म्हणून त्या मुलीला मी पहिला प्रश्न विचारला तो लघवीचा. वाळू ओली होत होती, मग थोडा धीर आला.

दुसरं काम वजनाचं. किराणा दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिशवीत घालून पिल्लू ठेवलं, त्यानं नाक मुरडलं पण वजन सांगितलं, सातशे दहा ग्रॅम. महिन्याचं पिल्लू साधारण साडेचारशे ग्रॅमचं असतं, दोन महिन्यांचं नऊशेच्या आसपास. म्हणजे हे पिल्लू आधीपासूनच कमी पडलं होतं. वहीच्या पानावर तिनं लिहून काढलं: शेवटची शी कधी, लघवी कधी, काय खाल्लं, उलटी नाही, एरंडेल एकदा. उर्दूत लिहिलं होतं, मी मराठीत उतरवून दिलं. कुणाचं ते काम नाही, पण डॉक्टरचे पाच मिनिटं वाचतात.

मग आम्ही सरकारी गुरांच्या दवाखान्यात गेलो. आपल्या लोकांना हेच सुचत नाही. बकऱ्याला ताप आला तर सुचतं, मांजराला घेऊन जायची लाज वाटते. "लोग हँसेंगे." दारातल्या माणसानं खरंच म्हटलं, "बाई, इथं गाई-म्हशी बघतात." मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून या. डॉक्टरांनी बोलावलं, पिल्लाचं पोट दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाले, "खडे भरल्यासारखं लागतंय. जंतही असणार." कातडीखाली थोडं सलाईन दिलं, कोमट पाण्याचा छोटा एनिमा स्वतः दिला, जंताचं औषध वजनाप्रमाणे दिलं, पुढचे थेंब लिहून दिले. केसपेपरचे पैसे अगदी नाममात्र, बाहेरून आणलेलं औषध धरूनही ती रक्कम त्या एनिमाच्या पाकिटाच्या आणि रिक्षाच्या भाड्याच्या पुढं गेली नाही. संध्याकाळी त्या मुलीच्या अम्मीचा फोन आला. इतक्या आनंदानं शीची बातमी सांगणारा फोन मला याआधी कधी आला नव्हता.

सगळ्या दवाखान्यांत असं होत नाही, हेही खरं. एका ठिकाणी, माझ्याच ओळखीच्या बाईंना, दारातूनच परत पाठवलं होतं. पण पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते आणि त्यात कुत्र्या-मांजरांचंही शिकवतात. राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या रुग्णालयांत मांजरं तपासली जातात. मुंबईकरांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. तेव्हा "मांजराचं इथं बघत नाहीत" हे उत्तर शेवटचं मानू नका, डॉक्टरांशी बोलू द्या म्हणा.

व्यवस्थेलाही मांजर दिसत नाही, हे मान्य. 2024 च्या ऑक्टोबरात एकविसावी पशुगणना सुरू झाली, तिच्या यादीत गाय-म्हैस आहे, गाढव आहे, उंट आहे, कुत्रा आहे, ससा आहे, हत्तीसुद्धा आहे. मांजर नाही. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी औषध कोण मागवणार?

पण सरकारला बोलायच्या आधी आपल्याकडे बघू. मांजर म्हटलं की आमच्या तकरीरी फार गोड होतात. नबींनी झोपलेल्या मांजरीसाठी अंगरख्याची बाही कापली, ही गोष्ट पोरापोराला पाठ आहे, आणि ती हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत सापडत नाही. जे सापडतं ते कमी सांगितलं जातं. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत त्या बाईची हदीस आहे जिनं मांजर बांधून ठेवलं. ना तिला खायला दिलं, ना सोडलं की तिनं आपलं आपण काही शोधून खावं. तिला शिक्षा झाली. अबू दाऊद आणि तिर्मिझीत अबू कतादांची गोष्ट आहे. सून वुजूचं पाणी ओतत होती, मांजरी आली, तर त्यांनी भांडं तिच्याकडे कलतं केलं, ती पिऊन होईपर्यंत, आणि नबींचा हवाला देऊन सांगितलं की ती नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. बाही कापायची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी आणणं सोपं आहे. भांडं कलतं करायला बसावं लागतं. आणि कब्जाच्या दुखण्यात अर्धा इलाज ते पाणीच आहे.

ज्या घरात विड्यांच्या मजुरीवर चूल पेटते तिथं मांजराला पैसे घालणं पाप आहे का, असं मला एका सहकारी सरांनी विचारलं. पोरांच्या तोंडचा घास काढून महागडे दाणे आणा, असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या सगळ्या सांगण्यात कापूस आहे, उकडलेल्या कोंबडीचं पाणी आहे, मोरीतून हलवलेली वाटी आहे आणि सरकारी केसपेपर आहे. त्या मुलीच्या अम्मीनं मला विचारलं होतं की पुन्हा झालं तर? मी म्हटलं, पुन्हापुन्हा झालं तर परत दाखवायचं, कारण आतडं सारखं ताणलं गेलं की ते सैल पडतं आणि मग आयुष्यभराचं होऊन बसतं. तिनं मान हलवली आणि कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, पिल्लाच्या शीची खूण करायला लागली. अजून करते.

आमच्या भागातल्या दवाखान्याच्या फलकावर गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी रंगवलेली आहे. त्याखाली मांजर आणि कुत्रा, आणि तपासणीची वेळ मराठी व उर्दू दोन्हींत लिहावी, असा अर्ज मी केला आहे. शाळेची भिंत रंगवणारा पेंटर म्हणतो, रंग त्याच्याकडे उरलेलाच आहे. अर्जावर आतापर्यंत एकतीस सह्या झाल्यात, त्यांत तीन विड्या वळणाऱ्या बाया आहेत आणि तो नाक मुरडणारा किराणेवालाही.